खोडलेली सातवी ओळ

भुजंगला नावं ठेवू नका. ठेवायचीच तर मला ठेवा, या रामरावला!

छप्पन साली शहागडला गोदावरीकाठच्या चौकीत आम्ही दोघंच होतो. घाटाच्या तळाला आकडे कोरलेला दगड. पाणी कितव्या आकड्यावर हाय ते भुजंगनं पाहायचं, बावन्न पायऱ्या चढून वर यायचं, मंग मी झेंडा लावायचा. पांढरा झेंडा दिसला की वळणापलीकडून नाव सुटायची, लाल दिसला की थांबायची. साहेबानं सात ओळींचा कागद भिंतीवर डकवला होता. आकडा वहीत लिहा, वही मिटा, पुन्हा उघडा, तोच आकडा वाचा, मागच्याशी ताडून पाहा... काय डोकं म्हणावं! भुजंग म्हणाला, आकडा ध्यानातच ठेवू, ताडून झालं की एकदाच लिहू. दोन महिने सगळं बराबर जमलं. मिटा, उघडा, वाचा, त्या तीन ओळी आम्ही खोडल्या.

राह्यली सातवी. झेंडा लावायच्या आधी खाली जाऊन दगड पुन्हा पाहा. भुजंगचा डावा गुडघा कामातून गेल्ता. पायरीपायरीला कण्हायचा, मला बघवायचं न्हाई.

"एकदा पाह्यलं ना? मंग पुन्हा कशाला?"

"रामराव, वहीत आपल्याबिगर कोणी लिहीत न्हाई," तो म्हणाला. "पाणी काय आपल्या हातात हाय?"

"तू वर येस्तोवर नदी काय उडी मारती व्हय?" मी चिडलो आन् पेन्सिलीनं ओळ खोडून टाकली.

भादव्यात त्याची बायको सोनूबाई पलीकडं माहेराला निघाली. तिची आई आजारी होती. ऊन लख्ख पडलेलं. भुजंगनं पाह्यलं, आकडा अकरा, बिलकुल ठीक. गुडघा धरत, मधी दोनदा बसत तो वर आला. मी पांढरा झेंडा लावला.

तेवढ्यात वरच्या अंगाचं पाणी आल्तं. अकराचे चौदा झाले होते, आन् चौकीतून दगड दिसत न्हाई. नाव मधात गेल्यावर आम्हाला गढूळ लोंढा दिसला. लाल झेंडा हलवून हलवून माझे खांदे भरून आले. पण आता नाव वळवणार कशी? भुजंग त्या गुडघ्यानं बावन्न पायऱ्या पळत उतरला, "सोने, सोने" ओरडत. नावाडी पुंजाराम पोहून निघाला. सोनूबाई तिसऱ्या दिवशी सापडली.

तेराव्यानंतर भुजंग कामावर आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कागदापाशी गेला, खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"लई गिरबटलंय रामराव. काय लिहिल्तं हितं? वाच ना."

मला पाठ होती ती ओळ.