छप्पन्नावी पायरी

आमच्या साडूंइतका कमी बसलेला माणूस अख्ख्या ओमानात नसेल. मस्कतच्या रुवी भागात आम्ही दहा वर्षं एकाच गल्लीत राहिलो. जेवणाखेरीज ते कधी बसल्याचं मला आठवत नाही, आणि जेवतानाही ते दोनदा उठत: एकदा खिडकीची कडी बघायला, एकदा उगाच. कुणाकडे गेले की सोफ्याच्या पाठीवर हात टेकून उभे. "बसा हो," म्हटलं तर "बसतो की," म्हणून बाल्कनीकडे चालू लागत. मूळचे सावंतवाडीकडचे सुतार, मस्कतच्याच गाला भागातल्या एका फर्निचर वर्कशॉपचे फोरमन. आमच्याशी बोलताना शुद्ध मराठी. मनातलं बोलायचं झालं की मालवणी.

लिंकन त्यांच्या घरात आला तो मुलीच्या शाळेतून. आठवीत असताना तिला एका स्मारकाची प्रतिकृती करायची होती. तिने केंटकीतलं लिंकनचं जन्मस्थान निवडलं. टेकडीवर देवळासारखी दगडी इमारत, तिच्या आत ओंडक्यांचं एका खोलीचं घर, आणि समोर छप्पन्न पायऱ्या. लिंकन जगला त्या वर्षांइतक्या. मुलीला थर्माकोल हवा होता. साडूंनी साग आणला. काम निम्म्यावर असताना त्यांच्या वाचनात आलं, की देवळात माणसांना फिरायला जागा उरेना म्हणून ओंडके कापून घरच लहान केलं होतं. ते करवत हातात घेऊन माझ्याकडे आले. "घर कोण कापता काय? मावना नाय, तर देऊळ मोठा करा!" त्यांनी तसंच केलं. आधीचं देऊळ मोडून मोठं बांधलं. तोवर तारीख टळली आणि मुलीने शाळेत एक चार्टपेपर दिला. प्रतिकृती जेवणाच्या टेबलावर राहिली. ते कुटुंब पुढे सहा वर्षं ताटं मांडीवर घेऊन जेवलं. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, म्हणायची, "परक्याच्या खोपटाला एवढा जीव लावता, आपल्या कपाटाचं दार कधी लागायचं?" ते घर लिंकनचंच होतं याला पक्का पुरावा नाही, हेही मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. "कुणाचं का असेना," ते म्हणाले, "घर होतं ना?"

मग पायऱ्या सुरू झाल्या. बिल्डिंगला लिफ्ट होती, पण साडू पाचव्या मजल्यावर चालत जात आणि छप्पन्नाव्या पायरीवर थांबून डोक्यावरची टोपी काढत. ही पायरी तिसऱ्या मजल्यापासून दोन पायऱ्या वर येई. तिथे राहणाऱ्या केरळी शेजाऱ्याने विचारलं, "भाईसाब, लिफ्ट खराब है क्या?" "नहीं, पहुंच गया," साडू म्हणाले. रुस्ताकच्या किल्ल्यावर सहल गेली तेव्हा आम्ही सगळे वर बुरुजावर, आणि हे मधल्याच एका पायरीवर, टोपी हातात. आम्ही उतरेपर्यंत त्यांनी तेवढ्याच पायऱ्या आणखी तीनदा केल्या होत्या.

आपल्या छप्पन्नाव्या वर्षी त्या पायऱ्या आपल्या पायांनी चढायच्या आणि ओंडके कापल्याची खूण स्वतः बघायची, असं त्यांचं ठरलं होतं. मुलगी तोवर अमेरिकेत शिकायला गेली होती. वर्कशॉपचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, हसला, "लाकडाचं घर बघायला अमेरिका? इथे लाकूड कमी आहे?" पण रजा त्याने दिली. व्हिसा झाला, तिकीट झालं. आणि निघायच्या महिनाभर आधी उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी कारण विचारलं. ताईने सांगितलं, "सराव."

चाकाच्या खुर्चीवरून जायला त्यांनी नकार दिला. वर्ष सरत आलं. सत्तावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे असताना फोन आला. ओमानात तेव्हा व्हिडिओ कॉल लागत नसत. साधाच फोन होता. मुलगी म्हणाली, "बाबा, मी खाली उभी आहे. लिंकनच्या स्टेप्सच्या खाली. काउंट करू?"

साडूंनी फोन स्पीकरवर टाकला, काठी घेतली आणि लिफ्टने तळमजल्यावर गेले. मी मागोमाग. तिकडे ती चढू लागली, इकडे हे. ती मराठीतच मोजत होती. अडतीसनंतर अडली.

"एकोणचाळीस," साडू म्हणाले.

चाळीसला ते थांबले. गुडघा हलेना. फोनमधून तिचा श्वास येत होता. "बाबा, येताय ना?"

"तू चढ गो. मी हंयच आसंय."

उरलेल्या सोळा तिने एकटीने मोजल्या. आत गेल्यावर आवाज घुमायला लागला. साडूंनी विचारलं, "कोपऱ्याकडे बघ. ओंडके कापल्याचं दिसतं?"

तिची पावलं कोपऱ्याकडे गेली. साडूंनी डोक्यावरची टोपी काढली.

"नाही, बाबा. मी नीट बघितलं. कट केल्यासारखं वाटतच नाही."

साडू सावकाश खाली वाकले आणि चाळिसाव्या पायरीवर बसले.

"मगे," ते म्हणाले, "कापणारो सुतार बरो होतो."

वरून केरळी शेजारी उतरत होता. त्याला वाट द्यायला मी बाजूला झालो. साडू बसूनच राहिले.