अक्कांसाठीचं पान

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. तिच्या सुनेनं दोनच वाक्यं बोलून फोन ठेवला. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत मी नुसती बघत राहिले... आता महिना उलटून गेला, तरी डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे, तिचं ते वाचन.

विमल इचलकरंजीची. कॉलेजात माझ्या शेजारी येऊन बसली ती जन्मभरासाठी. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे तिनं कानात सांगितलेलं गुपितसुद्धा अख्ख्या वर्गाला ऐकू जायचं. तिची आई मागांसाठी सुताच्या कांड्या भरायची. आई वारली तेव्हा विमल परीक्षेसाठी कोल्हापुरात होती, आणि आईचं डोकं होतं शेजारी कांड्या भरणाऱ्या अक्कांच्या मांडीवर. त्या दिवसाबद्दल विमल अक्कांशी कधीच बोलली नाही. एरवी कुणाला न भिणारी ही बाई, पण तिथं तिची जीभ उचलत नसे. साठीनंतर तिनं आईवर पुस्तक लिहिलं आणि त्यातलं शेवटचं पान अक्कांवर लिहिलं. अक्कांना वाचता येत नाही. म्हणून कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेत, अण्णांच्या लहानशा पुस्तकांच्या दुकानात, अक्कांना पुढं बसवून ते वाचायचं ठरलं. तोवर विमलची फुप्फुसं पार थकली होती. चार वाक्यांत धाप लागायची. मी वाचते म्हटलं, तर म्हणाली, "न्हाय. त्येवढं मीच वाचणार."

अण्णा मनानं राजा माणूस, आणि घोळ झाला तो त्यामुळेच. दुकानात पहिल्यांदाच लेखिका येणार म्हणून त्यांनी निम्म्या पेठेला सत्काराला बोलावलं होतं. फेटे, शाली, नारळ, आणि "दोन शब्द बोलतो" म्हणून उठलेला प्रत्येक जण बसायचं नाव घेईना. प्रत्येक सत्काराला विमलला फोटोसाठी उभं करत होते. तिचा चेहरा उतरत चाललेला मला दिसत होता. मी अण्णांना हातानं खूण केली की आता आवरा. त्यांना वाटलं, माझा सत्कार राहिला. त्यांनी मलाही फेटा बांधला... तो डोक्यावर घेऊन मी परत खुर्चीत बसले, दुसरं काय करणार होते?

विमल वाचायला बसली तेव्हा तिच्यात फार थोडा दम उरला होता. आधीची दोन पानं कशीबशी वाचली, शेवटच्या पानावर आली आणि आवाजच गेला. ओठ तेवढे हलत होते. तिची फजिती नको म्हणून अण्णांनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर अक्कांनी विचारलं, "मग फुडं काय झालं गं?" विमलनं बराच वेळ श्वास घेतला. "येतो की घरला... निवांत सांगतो."

तिला जायला जमलं नाही. तिथून ती अंथरुणालाच खिळली.

परवा मी पुस्तक घेऊन इचलकरंजीला गेले. अक्कांना विमलचं कळलं होतं. माझा हात हातात घेऊन त्या रडल्या. मग मी पुस्तक उघडलं आणि म्हटलं, राहिलेलं पान वाचून दाखवते. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"ऱ्हाऊ दे. ती सांगतो म्हणाली हुती."

"अक्का, ते तुमच्यावरच लिहिलंय तिनं."

"आसू दे की बाई. ते तिच्याच तोंडचं हाय. तू नगं वाचू."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी पान उघडं ठेवून तशीच बसून राहिले.