बसत नाही

माझी आत्या देवगाव रंगारीला एकटी राहते, आणि तिला एकटंच राहायचं आहे. पुंडलिकनगरातलं माझं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पण लिफ्ट असती तरी ती आली नसती. "दुसऱ्याच्या घरी संडासाला जायचं तरी इचारून जावं लागतं," असं तिचं म्हणणं.

आणि दुखणं नेमकं तेच होतं. गुडघे गेले, उकिडवं बसता येईना. तेव्हा बाईनं काय करावं? पाणी पिणंच कमी केलं. ऐन उन्हाळ्यात तिचे फुटलेले ओठ बघून मी खोदून विचारलं तेव्हा हे कळलं. मी ओरडले, खुर्चीचा कमोड आणून दिला. पुढच्या खेपेला गेले तर त्यावर तिनं घागर ठेवलेली.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे बदलले तर स्वतःचं स्वतः करतील. एवढंच तर हवं होतं तिला.

तिच्याकडे सरकारी योजनेचं कार्ड होतं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. ते घेऊन आम्ही शहरातल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात गेलो. योजनेच्या खिडकीतल्या माणसानं कार्ड घेतलं, काहीतरी टाइप केलं, आणि स्क्रीनकडे बघत म्हणाला, "आजी, बसत नाही."

आत्याचा चेहरा उजळला. "व्हय बाबा, बसताच येत नाय. मांडी घालून तर लई दिस झाले. खाली बसले की उठवायला माणूस लागतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शाना हाय गं. न सांगता वळखलं."

तो हसला नाही, एवढं त्याचं ऋण मी मानते. मी तिला बाजूला नेलं. तो तुझ्या गुडघ्यांचं नाही, योजनेचं बोलतोय, म्हटलं. हे ऑपरेशन इथं योजनेत बसत नाही, सरकारी दवाखान्यातच करावं लागेल. "मग तसं म्हनावं की," आत्या म्हणाली आणि कार्ड पुन्हा पिशवीत घातलं.

सरकारी दवाखान्यात कुणीच नाही म्हटलं नाही. तपासलं, एक्स-रे काढले, नाव-नंबर लिहून घेतला. कृत्रिम सांधे आले की फोन करू, म्हणाले. आत्यानं विचारलं, "माझी पाळी कवा?" तसं सांगता येत नाही. "माझ्या आधी किती जनं हायत?" तेही सांगता येत नाही. बाकावरच्या एका बुरख्यातल्या बाईनं सरकून जागा केली, "अम्मा, बैठो इधर." आत्या म्हणाली, "बसते, पर उठवायचं तुलाच हाय." आणि त्या बाईनं खरंच उठवलं.

आत्याच्या सासरी विहीर एक आणि वाटेकरी भाऊ चार. पाणी आटलं की पाळी लागायची. आज कुणाची, उद्या कुणाची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाणी कमी आहे म्हणून तिथं कधी भांडण झालं नाही. पाळी चोरली की मात्र कुऱ्हाडी निघायच्या.

माझी धाकटी बहीण इंग्लंडात असते. तिच्या पित्ताशयात खडे झालेत आणि तीही तिकडच्या सरकारी रांगेत आहे. एकदा फोनवर ती तावातावानं सांगत होती, वर्ष लागेल म्हणतात, इथं माणूस वाट बघूनच मरायचा. मी तिला मध्येच तोडलं. "वर्ष लागेल असं सांगितलं ना तुला?"

"हो, पत्र आलंय."

"मग गप बस."

तिला राग आला, आणि तो रास्त होता. पत्र आलं म्हणून पोटातली कळ थांबत नाही. शिवाय पैसेवाला तिथंही खाजगीत जाऊन रांग ओलांडतोच. म्हणजे औषधपाणी मापट्यानं मोजून देणं सगळीकडेच चालतं. मी शाळेत गणित शिकवते, भागाकार मला कळतो. पण आमच्याकडे भागाकार करतात आणि केलाच नाही म्हणून सांगतात. चौकाचौकात फलक, त्यावर हसरी म्हातारी, सगळ्यांना सगळं मोफत. नाही म्हणायची हिंमत एकाच्याही अंगात नाही. म्हणून मग पुढच्या महिन्यात या, थांबा, फोन करू. त्या हसऱ्या म्हातारीचा फलक दिसला की आजही माझं डोकं फिरतं.

फोन आला तेव्हा दुसरी दिवाळी होऊन गेली होती. सांधे आले होते. मी गाडी केली, आत्याला मागच्या सीटवर आडवं घालून आणलं. वाटेत ती चक्क गाणं गुणगुणत होती.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचले. पाणी तोडून आणि रोज दुखण्याच्या गोळ्या खाऊन आत्याच्या किडन्या खराब झाल्या होत्या. "आता भूल देणं धोक्याचं आहे," त्या म्हणाल्या. "फिटनेसमध्ये बसत नाहीत."

"पहिल्यांदा आलो तेव्हा बसत होत्या?" माझा आवाज सगळ्या वॉर्डभर गेला असणार.

त्यांनी खाली बघितलं. "बहुतेक बसल्या असत्या."

माझी चूक झाली, असं त्या म्हणाल्या नाहीत, कारण ती त्यांची नव्हतीच. कुणाचीच नव्हती. हेच तर मला सहन होत नाही. एका बाईचं उरलेलं आयुष्य गेलं, आणि भांडायला समोर कुणी नाही.

संध्याकाळी देवगावला पोचलो. समोरची शेजारीण लगबगीनं आली. "काय म्हनले डाक्टर?"

आत्या दाराची चौकट धरून उभी होती. नापास झालेल्या पोरी घरी सांगतात तशा आवाजात ती म्हणाली, "मीच बसले नाय, बाई."

"तू नाही गं," मी चिडूनच म्हटलं. "त्यांची योजना बसली नाही. तुझं काय चुकलं?"

"आसू दे," ती म्हणाली. चौकट तिनं सोडली नव्हती. "तू तरी बस आता. सकाळधरनं उभी हायेस."