आन्सेल्म ग्रिव्हो बोंझूर न म्हणता गेला

आन्सेल्म ग्रिव्होच्या पोटावर पाय आणला तो मी. पुढे बऱ्याच जणांनी त्याच्याबाबतीतली आपापली पापं कबूल केली, पण हे पाप निव्वळ माझं. त्याचं असं झालं, मे महिन्यातल्या एका दुपारी माझ्या व्हिलार्नोच्या खानावळीत बारा पाहुण्यांसाठी वाइनच्या रश्शात सोडलेली चोवीस अंडी तयार होती. पाहुणे सायकलवरून साडेबाराला यायचे होते. आले पावणेतीनला. तोवर अंड्यांचे चेंडू झाले होते. माझ्या बायकोने त्यातलं एक भिंतीवर मारून पाहिलं, तर ते टप्पा खाऊन परत आलं. त्या तिरीमिरीत मी पर्यटन कार्यालयाला पत्र खरडलं, की आपले सायकलवाटाडे ग्रिव्हो यांना कुणीतरी घड्याळ दाखवावं.

मला वाटलं, साहेबलोक त्याला चार शब्द ऐकवतील आणि विषय मिटेल. पण कार्यालयात नवं वारं शिरलं होतं. उलट टपाली उत्तर आलं. जूनमध्ये आमच्या मादाम लेस्कूर स्वतः सहलीबरोबर येतील. गट साडेबाराच्या आत व्हिलार्नोला पोचला नाही, तर यापुढे वाटाड्याऐवजी मोबाइलमधला आवाज वापरला जाईल. हा आवाज म्हणे वाट दाखवतो, चर्चचा इतिहास सांगतो आणि कुठेही थांबत नाही. असा माणूस आमच्या भागात आजवर जन्मलेला नाही, म्हणून त्यांना तो बनवून घ्यावा लागला असणार.

आन्सेल्म एकाहत्तर वर्षांचा. त्यातले सेहेचाळीस हिवाळे त्याने द्राक्षवेलींपुढे ओणवं होऊन छाटणी करण्यात घालवले. शेवटी गुडघ्यांनी संप केला. एकदा वाकले की सरळ व्हायला नकार देत. पण सायकलवर गोल फिरायला त्यांची काही हरकत नव्हती. तेव्हा आन्सेल्मने वेलींतून पाहुणे फिरवायचं काम धरलं. ते काम गेलं तर पुढची सोय तयारच होती. दिजों शहरात बहीण होती, तिने पाचव्या मजल्यावरची खोली त्याच्यासाठी झाडून पडदेसुद्धा लावून ठेवले होते. तो एकदा बघून आला होता.

"खिडकीतून काय दिसतं रे?" मी विचारलं होतं.

"गाड्या."

"चालत्या?"

"उभ्या," आन्सेल्म म्हणाला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. आन्सेल्म दोन दिवस गप्प म्हणजे गावाने डॉक्टरला बोलवायची वेळ.

वाटाड्या म्हणून त्याची पद्धत स्वतःची होती. पुईजच्या चर्चपुढे तो पाहुण्यांना उतरवून सांगायचा, "हा घंटाघराचा भाग बाराव्या शतकातला. ही भिंत पंधराव्या. आणि तो भिंतीचा पडलेला कोपरा विसाव्या शतकातला, माझ्या मामाने ट्रॅक्टर मागे घेताना केलेला." पाहुणे तिन्हींचे फोटो काढत. कोर्व्होच्या गढीत कुठला राजा राहून गेला हे त्याला नक्की सांगता येत नसे, पण त्या राजाला तळघरातली कुठली वाइन दिली असेल आणि कुठली लपवली असेल, हे तो अगदी घरचं असल्यासारखं सांगे.

मोंत्रिए ते व्हिलार्नो अंतर अडतीस किलोमीटर. तरणा गडी दोन तासात मारतो. आन्सेल्मला सहा तास लागत, आणि त्यात त्याचा तरी काय दोष? आमच्याकडे वाइनच्या तळघराचं दार उघडं दिसलं की मालकाला नमस्काराचं बोंझूर म्हणावंच लागतं. न म्हणता पुढे जाणारा माणूस दोनच प्रकारचा, एक तर त्याने तुमच्यावर कोर्टात दावा लावलेला असतो, नाहीतर तो शवपेटीत असतो. आणि कोरडं बोंझूर आमच्याकडे कुणी घेत नाही. दार, बोंझूर, ग्लास, मग गेल्या वर्षीच्या गारपिटीची चौकशी, मग दुसरा ग्लास. त्या वाटेवर अशी अकरा दारं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी नऊला मोंत्रिएच्या चौकात नऊ डच पाहुणे उभे होते, प्रत्येक जण घंटाघराएवढा उंच. आणि मादाम लेस्कूर, डोक्यावर हेल्मेट, मनगटावर बशीएवढं घड्याळ.

"मस्यो ग्रिव्हो, आज कुठेही थांबायचं नाही."

"कबूल. नुसती मान हलवली तर चालेल?"

"मान हलली की तोंड उघडतं, तोंड उघडलं की ग्लास येतो. मला शिकवू नका. माझे वडील शेजारच्याच गावचे."

आन्सेल्मने टोपी डोळ्यांवर ओढली, मान खाली घातली आणि पेडल मारायला लागला. दिजोंच्या पडद्यांचा रंग म्हणे त्याला सारखा डोळ्यांपुढे दिसत होता.

पुईजच्या पहिल्याच दारात मादाम ओनोरीन उभी होती. वय ब्याऐंशी. उलट्या पिंपावर तिने अकरा ग्लास आधीच भरून ठेवले होते, शेजारी चीजचे गरम फुगीर गोळे. आन्सेल्म तिच्यासमोरून गेला. मान वर नाही, शब्द नाही. मागून नऊ डच गेले. शेवटी एक हेल्मेट गेलं.

ओनोरीनने हातातली ताटली पिंपावर ठेवली. मग आत जाऊन तिने पहिला फोन लावला तो पुढच्या दाराला, जेर्व्हेला.

"जेर्व्हे, आन्सेल्म बोंझूर न म्हणता गेला."

"तुझं काहीतरीच. ऐकू आलं नसेल तुला."

"कान गेलेत माझे, डोळे नाहीत. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही रे!"

जेर्व्हे फोन हातात धरूनच दारात आला. समोरून आन्सेल्म मान खाली घालून गेला.

"खरंय," जेर्व्हे फोनमध्ये कुजबुजला, आणि त्याचा चेहरा पडला. कारण जेर्व्हेला एक गोष्ट आठवली होती.

गंमत बघा, अकराच्या अकरा दारांत हेच झालं. आन्सेल्म आजारी असेल, घाईत असेल, असं एकाच्याही मनात आलं नाही. प्रत्येकाला वाटलं, याला कळलं! मी केलेलं ते याला कळलं! प्रत्येकाने हात पुसले, तळघरातली त्यातल्या त्यात चांगली बाटली उचलली आणि जे वाहन हाताशी होतं ते घेऊन तो निघाला.

इकडे आन्सेल्म अंतर कापत होता. चर्चपुढे त्याने पाय टेकवला नाही. "चर्च," तो ओरडला, "जुनं! चला!" गढी आली. "गढी! राजा! चला!" डच पाहुण्यांतले एक निवृत्त मास्तर वही काढेपर्यंत गढी मागे पडली होती. मादाम लेस्कूरनी घड्याळ पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या. अकरा पन्नास झाले होते, व्हिलार्नो फक्त चार किलोमीटरवर राहिलं होतं.

कोर्व्होच्या पुढे चढ लागतो. दोन्ही बाजूंना वेलींच्या दगडी भिंती, मध्ये जेमतेम एका गाडीचा रस्ता. वळणावर पाहतात तर आडवाटेने पुढे आलेला जेर्व्हेचा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा. वेलींच्या रांगेवरून टांगा टाकून चालतात ते उंच ट्रॅक्टर असतात ना, त्यातला. वर माडीवर बसल्यासारखा जेर्व्हे, काखेत बाटली.

"आन्सेल्म, मी सांगतो," जेर्व्हे वरूनच ओरडला. "दगड मीच सरकवला!"

"कसला दगड? बाजूला हो, मला उशीर होतोय."

"नको रे असं तोडून बोलू! तुझ्या तीन रांगा नि माझं शेत, त्यामधला हद्दीचा दगड. एकच वीत सरकवला. पण गेली चौदा वर्षं मला ती वीत झोपू देत नाही."

आन्सेल्मने तोंड उघडलं, पण तेवढ्यात मागून त्येरीची व्हॅन आली. त्येरी त्याचा सख्खा चुलतभाऊ. तो धापा टाकत उतरला, दोन्ही हातांत दोन बाटल्या.

"तुला कुणी सांगितलं? मंडळाच्या सेक्रेटरीने ना? हो, सेंट व्हिन्सेंटची मूर्ती तुझ्या घरी बसवायचा ठराव आला तेव्हा मीच हात वर केला नाही. मीच म्हणालो, याचं घर दमट आहे, संताला सर्दी होईल."

आता, द्राक्षवाल्यांच्या त्या संताची मूर्ती आमच्या गावात दर जानेवारीत एका घरातून दुसऱ्या घरात वर्षभराच्या पाहुणचाराला जाते. आन्सेल्म तेवीस वर्षं कोनाडा रंगवून वाट बघत होता. त्याने सायकल भिंतीला टेकवली.

"तू?" तो एवढंच म्हणाला.

"मी. घर दमट नाहीये तुझं. माझंच दमट आहे."

"मस्यो ग्रिव्हो," मादाम लेस्कूर घड्याळावर बोट आपटत म्हणाल्या, "बारा वाजून पाच. ट्रॅक्टर हलवला तर अजून वेळेत पोचतो आपण."

आन्सेल्मने एकदा चढाकडे पाहिलं, एकदा त्येरीकडे. तेवढ्यात खालून कुणाच्या तरी मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून ओनोरीन आली. मांडीवर चीजच्या गोळ्यांची ताटली, वर एक गंजकी छाटणीकात्री.

"घे बाबा तुझी कात्री," ती म्हणाली. "नऊ वर्षं शोधतोयस ना? तुझ्यासमोर मीही शोधली. चुलीमागेच होती. इतकी छान कापायची रे, द्यावीशीच वाटेना!"

रस्ता एव्हाना भरला होता. कुणी त्याच्या वाइनला ओल्या कुत्र्याचा वास येतो असं पार तालुक्याला सांगितलं होतं, कुणी त्याच्या पीचच्या झाडाखालून रोज पहाटे 'पडलेली' फळं नेली होती, आणि ती पडावीत म्हणून झाडही हलवलं होतं. डच मास्तर भराभरा लिहून घेत होते. त्यांना वाटत होतं, हा इथला पारंपरिक सण आहे.

"मादाम," आन्सेल्म शेवटी लेस्कूरबाईंना म्हणाला, "तुमचं घड्याळ बरोबर चाललंय. नोकरी घ्या माझी. पण एवढी माणसं बोंझूर म्हणायला आलीत, त्यांच्यावरून सायकल कशी घालू?"

आणि तो वळून पहिल्यांदा ओनोरीनपुढे गेला, टोपी काढली आणि म्हणाला, "बोंझूर, मादाम ओनोरीन."

"बोंझूर, पोरा," ओनोरीन म्हणाली आणि रडायला लागली. पुढचं विचारायची सोय नव्हती. बाटल्या उघडल्या. हद्दीचा दगड बघायला सगळे शेतात गेले, वीत मोजली, ती सव्वा वीत निघाली, त्यावर अर्धा तास भांडण झालं. मादाम लेस्कूर हेल्मेट घालूनच भिंतीवर बसल्या होत्या. त्यांना कुणीतरी ग्लास दिला. त्यांनी तो धरला. मग त्येरीने सहज विचारलं, "शेजारचं गाव म्हणता, वडील कोण तुमचे?" त्यांनी सांगितलं. "अरे देवा, लंगड्या लेस्कूरची मुलगी! तुझ्या बापाने माझ्या बापाची शिडी नेली होती!"

माझ्या खानावळीपुढे वरात आली तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पुढे ट्रॅक्टर, मागे सायकली, व्हॅनमध्ये शिडीचा हिशेब मागणारा त्येरी आणि तो हसत हसत नाकारणाऱ्या मादाम लेस्कूर. दहाचं जेवण होतं, माणसं सव्वीस. बायकोने घरातला होता नव्हता तेवढा हॅम कापला. मी गल्ल्यामागे लपून होतो.

कॉफी आली तशा लेस्कूरबाईंनी कार्यालयाचा छापील फॉर्म काढला. आन्सेल्म टेबलावरचे पावाचे कण गोळा करत बसला होता.

"तीन तास दहा मिनिटं उशीर," त्या म्हणाल्या. "मला हे लिहावं लागेल. मस्यो ग्रिव्हो, एकदा खरं सांगा, या सहलीला किती वेळ लागतो?"

"कुणी मेलेलं नसलं तर संध्याकाळपर्यंत होते."

"आणि मेलेलं असलं तर?"

"मग मुक्काम."

बाईंनी पेन चावलं. मग फॉर्मवर 'अर्ध्या दिवसाची सहल' छापलं होतं ते खोडून त्यांनी 'पूर्ण दिवसाची' केलं, वाटाड्यासमोर 'ग्रिव्हो' लिहिलं आणि पोचण्याच्या वेळेची जागा कोरी ठेवली. "आवाजाला हे जमणार नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तो बोंझूर न म्हणता गेला, तर कुणाला चुकल्यासारखं वाटणारच नाही."

आन्सेल्मने जमवलेले सगळे कण एकदम तोंडात टाकले.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर तो सायकल काढत होता. अकरा जणांनी कबुली दिली होती आणि बारावा मी तेवढा शहाणा उरलो होतो. मी बाहेर गेलो.

"आन्सेल्म, ते पत्र. कार्यालयाला. ते मी पाठवलं होतं."

त्याने पँटीच्या पायाला चिमटा लावला, सीटवर बसला, एक पाय पेडलवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"पत्र कसलं लिहितोस गाढवा, तोंडावर सांगायचं, मी काय पॅरिसला राहतो?"