आत्याचा आवाज

परवा भोसरीत जुन्या सामानाच्या दुकानात घड्याळ, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला डबा दिसला आणि मला माझीच शरम वाटली.

तसाच डबा मी लग्नानंतर चिंचवडच्या खोलीत उशाशी ठेवला होता. बायकोच्या बाळंतपणाला मावळातून माझी आत्या आली होती. ती बाळाला कसं न्हाऊ घालायचं ते सांगत असताना मी गुपचूप रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. रविवारी कंपनीतल्या मित्रांना ते ऐकवलं. तिच्या प्रत्येक 'व्हय', 'न्हाई'ला सगळे हसले, सगळ्यात मोठ्यानं मी. आत्या चहा घेऊन दारातच उभी होती.

"आमाला असंच बोलता येतं, बाबा," ती म्हणाली आणि तिनं सगळ्यांना चहा दिला.

पुढे ती महिनाभर राहिली. बाळाशी दिवसभर बोलायची. मी घरात आलो की गप्प व्हायची.