साडूची काळी खिडकी

माझ्या साडूइतका फुकटात लोकांचा लाडका झालेला माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडणार नाही, आणि हे मी गेली बारा वर्षं जळत जळत पाहतो आहे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि धंदाही एकच, प्रोग्रॅम लिहिण्याचा. मी करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून रंगीत बटणांचे देखणे स्क्रीन बनवतो. हा मोरा बंदरावरचा, मासळीवाल्यांच्या घरातला. माउसला हात लावत नाही. पायथन ह्या संगणकी भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा गठ्ठा, घेऊन तो नुसत्या काळ्या खिडक्या करतो. कमांड टाइप करायची, खाली उत्तर येतं. सासऱ्यांच्या औषधांसाठीही त्यानं एक केली. 'गोळी' लिहिलं की गोळीच्या नावाआधी येतं, 'पयले जेवा.' सासरे ती सोसायटीभर दाखवत फिरतात. माझा स्क्रीन बघून म्हणाले, "रंग छान आहेत हो."

तुर्भ्याच्या एका गोदामात माझा स्क्रीन चालायचा. तिथल्या कारकून मावशींचा हात थरथरे, भलतंच बटण दाबलं जाई. मालकांनी मला काढून ह्याला बोलावलं. ह्यानं काळी खिडकी बसवली. 'गाडी' आणि नंबर लिहिला की ट्रक सुटल्याची नोंद. तिसऱ्याच दिवशी मावशींनी चुकून नुसतंच एंटर दाबलं. त्या लायब्ररीची खोड अशी, की रिकाम्या एंटरला आधीचीच कमांड पुन्हा चालते. एकच ट्रक दोनदा सुटला! मी मनातल्या मनात पेढे वाटले.

हा मात्र रडवेल्या मावशींना म्हणाला, "तुमची काय चूक नाय, माझी हाय." लगेच दोन ओळी घातल्या. आता रिकामं एंटर दाबलं की पडद्यावर उमटतं, 'काय झाला, मावशी? बोला ना.' आणि मावशी त्याला उत्तर देतात. तोंडानं!

शेवटी चुका शोधून चारचौघांत दाखवाव्यात म्हणून मी त्याचा प्रोग्रॅम मागितला. "बगा दादा, काय चुकला तं सांगा," म्हणत त्यानं लगेच पाठवला. उघडला, तर वरच्याच ओळीत मशीनला न दिसणारी टीप: 'पयला प्रोग्रॅम दादांनी शिकवला, माझ्या साखरपुड्याला.'

मला काही आठवेना. बायकोला विचारलं.

"असं काय करता? जेवायची पानं गार झाली, तरी दोघं लॅपटॉपवरून उठत नव्हतात. किती प्रेमानं समजावत होतात त्याला!"

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्याला कळवलं, सगळं बरोबर आहे.

चुका होत्या तशा दोन-तीन.