आत्याचा कान आणि सामंजस्य करार

आमची आत्या चहाचा कप हातात आला की आधी त्याला टिचकी मारते, मगच तोंडाला लावते. स्वतःच्या घरी, दुसऱ्याच्या घरी, हॉटेलात, कुठेही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी कपाटातला ठेवणीतला सेट बाहेर काढला होता. आत्याने कपाला टिचकी मारली, ऐकलं आणि अगदी सहज म्हणाली, "हा तेवढा बाजूला ठेवा. याचं काही खरं नाही." चौथ्या दिवशी धुताना त्या कपाचा कान हातात आला. आत्याची नजर लागली म्हणून तो तुटला, असं सासूबाईंचं आजही ठाम मत आहे.

ही सवय तिला कामातून लागली होती. गावाबाहेर सिरॅमिकचा कारखाना आहे. वॉश बेसिन, फ्लशच्या टाक्या आणि संडासाची भांडी बनवणारा. आत्या तिथे तपासणी विभागात होती. भट्टीतून निघालेला माल पट्ट्यावरून तिच्यासमोर यायचा. ती लाकडी हातोडीने प्रत्येक भांड्याला तीन ठिकाणी ठोकायची. आवाज खणखणीत आला तर भांडं पुढे. बद्द आला तर आत कुठेतरी केसाएवढा तडा आहे, जो डोळ्यांना दिसत नाही. ते भांडं मागे. एकतीस वर्षं तिने हेच केलं. कारखान्यात तिला सगळे टिचकीबाई म्हणत.

लागली होती ती पॅकिंगमध्ये, माल कागदात गुंडाळायला. दुसऱ्याच आठवड्यात ती सुपरवायझरला म्हणाली, "साहेब, हे बेसिन फुटकं आहे." सुपरवायझर हसला. बेसिन गिऱ्हाइकाकडे गेलं आणि दोन तुकडे होऊन परत आलं. मग सुपरवायझर हसायचा थांबला आणि आत्या तपासणीत गेली. आतोबा बसवर कंडक्टर होते. इंजिनाच्या घरघरीत त्यांचा डावा कान कामातून गेला होता. सगळं ऐकणारी एक आणि निम्मं ऐकणारा एक, असा तो संसार फार सुरळीत चालला.

आता माझं सांगतो, कारण पुढचं सगळं माझ्या तोंडाळपणामुळे घडलं. मी विद्यापीठाच्या संगणक विभागात वरिष्ठ लिपिक आहे. आमच्या विभागप्रमुखांना सगळे नुसतं सर म्हणतात. त्या वर्षी वरून पत्र आलं: कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या प्रत्येक विभागाने वर्षअखेरपर्यंत एका उद्योगाशी भागीदारी करावी, नाहीतर नवीन संगणकाची मागणी विसरावी. सरांकडे कृत्रिम बुद्धिमत्ता होती, ती वापरणारी माणसंही होती. फक्त ती कशासाठी वापरायची, हे कुणालाच सुचत नव्हतं. तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत चहा देता देता मी म्हणालो, "सर, माझी आत्या नुसत्या आवाजावरून तडा ओळखते."

सरांनी कप खाली ठेवला. "नुसत्या आवाजावरून?"

"हो. हातोडीने ठोकून."

"म्हणजे ध्वनी-आधारित दोषनिदान," सर म्हणाले. आत्या एकतीस वर्षं काय करते, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

कारखान्याचे थोरले मालक नुकतेच घरी बसले होते आणि कारभार धाकट्या मालकांकडे आला होता. धाकटे मालक व्यवस्थापन शिकून आले होते आणि दर दोन वाक्यांमागे एकदा 'एआय' म्हणायचे. त्यांना विद्यापीठ हवं होतं, आम्हाला उद्योग हवा होता. पंधरा दिवसांत सामंजस्य करार झाला. मीच तो टाइप केला. अकरा पानांत 'सामंजस्य' एकोणीस वेळा आलं आणि आत्या एकदाही आली नाही. संडासाचं भांडंही कुठे आलं नाही. त्याला सगळीकडे 'सिरॅमिक उत्पादन' म्हटलं होतं. सह्यांच्या समारंभात कारखान्याने नमुना म्हणून एक नवंकोरं सिरॅमिक उत्पादन सभागृहात आणून ठेवलं. फोटो काढताना ते दिसू नये म्हणून त्यावर एवढा मोठा पुष्पगुच्छ ठेवला, की कुलगुरूंना ती फुलदाणी वाटली. "सुबक आहे," ते म्हणाले. 

मग ट्रक यायला लागले. विभागाची एक खोली रिकामी करून तिथे बेसिनं आणि भांडी रचली. कारखान्याच्या बसने आत्या रोज सकाळी यायची. समोर भांडं, वर मायक्रोफोन, हाताशी दोन बटणं. ठोकायचं, ऐकायचं, चांगलं असेल तर हिरवं बटण, बद्द असेल तर लाल. तिच्या शेजारी आमची एक संशोधक बसायची. सहा वर्षं तिची पीएचडी चालू होती. एवढ्या काळात तिचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शाळेत गेली, फक्त पीएचडी काही झाली नाही. आत्याचं आणि तिचं लगेच जमलं.

"माल भट्टीत किती दिवस ठेवायचा, याला काही मर्यादा असते," आत्या तिला म्हणायची. "तुझ्या सरांना विचार एकदा."

सरांनी आत्याला 'क्षेत्रतज्ज्ञ' ही पदवी दिली. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "हे शेतीचं काही आहे का रे?" मी अर्थ सांगितल्यावर ती खूष झाली. एकतीस वर्षांत तिला कुणी खुर्चीसुद्धा विचारली नव्हती. इथे तिच्यासाठी उशी आणली होती. जेवताना ती आतोबांना दिवसभराच्या गमती सांगायची, तेही उजवा कान पुढे करून ऐकायचे.

पण ती भोळी नव्हती. चौथ्या आठवड्यात सर पाहुण्यांना घेऊन खोलीत आले, तेव्हा तिने हातोडी थांबवून विचारलं, "साहेब, हे यंत्र शिकलं की मी काय करायचं?"

"तुम्ही अधिक उच्च मूल्याची कामं कराल," सर म्हणाले.

"म्हणजे कुठली?"

सरांनी पाहुण्यांना पुढची खोली दाखवली.

सहा आठवड्यांत सहा हजार दोनशे भांडी ठोकून झाली. यंत्र शिकलं. आत्याने तपासलेल्याच भांड्यांच्या, पण यंत्राने न ऐकलेल्या काही आवाजफिती त्याला ऐकवल्या, आणि त्याने शंभरातली नव्याण्णव भांडी बिनचूक ओळखली. सरांनी पेढ्यांऐवजी केक मागवला, कारण पाहुणे परदेशी होते. आत्यालाही तुकडा मिळाला. तिने बशीला टिचकी मारून तो खाल्ला.

कारखान्यात आत्याच्या जागी एक यांत्रिक हात आला. तो ठोकायचा, यंत्र ऐकायचं आणि दिवा लावायचं. आत्याला पुन्हा पॅकिंगमध्ये पाठवलं. उच्च मूल्याचं काम म्हणजे कागद पूर्वीपेक्षा जाड होता.  त्या महिन्यात मी तिच्या घरी गेलो, तर तिने समोर आलेला कप उचलला आणि सरळ चहा प्यायली. आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. 

इकडे यंत्राने कमालच केली. पहिल्या आठवड्यात एकही भांडं बद्द निघालं नाही. दुसऱ्यातही नाही. पूर्वी शंभरात सहा-सात मागे पडायची, आता शून्य. यंत्र चुकत असेल अशी शंका एखाद्याला आली असती, पण धाकट्या मालकांनी सभा घेतली आणि जाहीर केलं की, एआय आल्यापासून मालाचा दर्जाच सुधारला आहे. सरांनी एका परिषदेत त्याचा आलेख दाखवला. टाळ्या पडल्या. या आनंदात कंपनीने विद्यापीठाच्या अतिथिगृहाला सगळी बेसिनं आणि भांडी नवी बसवून दिली.

दीड महिन्यानंतर विद्यापीठाचं मूल्यांकन करायला समिती आली आणि अतिथिगृहात उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता समितीच्या अध्यक्षांच्या स्नानगृहातून मोठा आवाज आला. अध्यक्षांना इजा झाली नाही. मात्र दिवसभर ते उभ्यानेच बैठका घेत होते, आणि 'पायाभूत सुविधा' या सदरात त्यांनी काय लिहिलं, ते मी कार्यालयीन गोपनीयतेमुळे सांगू शकत नाही. त्याच आठवड्यात कारखान्यातही तक्रारींची रांग लागली. एका नव्या हॉटेलात चाळीस बेसिनं एकाच मजल्यावर गळत होती.

सर म्हणाले, हातोडी बदला. धाकटे मालक म्हणाले, यंत्र बदला. आमची संशोधक मात्र कानाला हेडफोन लावून आत्याच्या जुन्या फिती ऐकत बसली. चार दिवस ती खोलीतून फक्त मुलीला शाळेतून आणायला बाहेर पडली. पाचव्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. चेहरा असा, की हसावं की रडावं ते ठरत नव्हतं.

"हे ऐका," तिने हेडफोन माझ्या कानाला लावला. ठक्. मग बारीक आवाज: "च्च."

"हे दुसरं ऐका." ठक्. "च्च."

"प्रत्येक बद्द भांड्याला आत्या च्च करतात," ती म्हणाली. "चांगल्याला करत नाहीत. यंत्र तडा शिकलंच नाहीये. ते आत्यांचं च्च शिकलंय. कारखान्यात आत्या नाहीत, म्हणून च्च नाही, म्हणून सगळा माल चांगला."

संध्याकाळी आम्ही दोघं आत्याकडे गेलो आणि तिला फीत ऐकवली. ती लाजेने लाल झाली. "मी असं करते? कधीपासून?"

"लग्नापासून," आतोबा म्हणाले. "मला एका कानाने ऐकू येतं, त्या पोरीच्या यंत्राला दोन्ही कानांनी ऐकू आलं, एवढाच फरक."

आत्या हसली. "म्हणजे एवढं करून त्याने भांड्याकडे लक्षच दिलं नाही," ती म्हणाली. "सारखं माझ्याच तोंडाकडे बघत होतं."

दोन दिवसांनी कारखान्यात बैठक झाली. इतिवृत्त लिहायला मी होतो. संशोधिकेने जे घडलं ते सरळ सांगितलं.  मग सर उठले. "याला मी चूक म्हणणार नाही," ते म्हणाले. "हा एक अनपेक्षित निष्कर्ष आहे." त्यांनी उपायही सुचवला: यांत्रिक हाताशेजारी आत्याने बसायचं. हात ठोकेल, आत्या ऐकून च्च करेल, यंत्र ते ओळखून लाल दिवा लावेल. याला 'मानव-सहभागी प्रणाली' म्हणतात.

"उत्तम!" धाकटे मालक म्हणाले. "मावशी, जमेल ना?"

आत्या दाराजवळच्या खुर्चीत पदर सावरून बसली होती. "म्हणजे ऐकायचं मी, च्च करायचं मी, आणि दिवा लावायचा यानं?"

"अगदी बरोबर."

"आणि पगार?"

"तोच."

"यंत्राचा नव्हे, माझा विचारतेय," आत्या म्हणाली. कुणीतरी खोकलं. ती पुढे बोलत राहिली. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "धाकटे साहेब, तुमच्या वडिलांना मी दहा वर्षं सांगत होते, पॅकिंगमधल्या दोघी-तिघी माझ्या हाताखाली द्या, मला काही झालं तर काम अडायला नको. ते म्हणायचे, शिकण्यात माल वाया जाईल. यंत्राला शिकवायला तुम्ही सहा हजार भांडी ट्रकाने पाठवलीत. मला सहाशे द्या आणि दोन बायका द्या. सहा महिन्यांत तयार करते. तोवर मी बसते बाकावर. पण हातोडी माझ्या हातात. तो हात ठोकतो तेव्हा दार वाजवल्यासारखं वाटतं."

धाकट्या मालकांनी सरांकडे पाहिलं. हॉटेलवाल्यांचा फोन तेव्हाही वाजत होता. त्यांनी हो म्हटलं. इतिवृत्तात सरांच्या सूचनेवरून मी लिहिलं: 'मनुष्यबळ कौशल्यवृद्धीचा टप्पा मंजूर.'

यंत्र काढलं नाही. कारखान्याच्या माहितीपत्रकावर अजून छापलेलं असतं, 'एआयने तपासलेले'. विद्यापीठात दुसऱ्या टप्प्याचा प्रयोग झाला, आत्याच्या तोंडावर दोन पदरी मास्क लावून. या वेळी यंत्राला शंभरात अठ्ठावन्न ओळखता आली. अहवालात सरांनी लिहिलं, 'सुधारणेला भरपूर वाव'. त्याच जोरावर तिसरा टप्पा मिळाला. संशोधिकेने मात्र त्या च्च-वर अख्खं प्रकरण लिहिलं, आणि तेवढ्यावर तिची पीएचडी एकदाची झाली. शोधनिबंधावर पहिलं नाव सरांचं आहे. आभारांमध्ये आत्याचं आहे, स्पेलिंग चुकलेलं.

आत्याला पॅकिंगमधल्या दोघी मिळाल्या. एक बडबडी, एक चष्मेवाली. बडबडीला गप्प बसायला शिकवण्यातच दोन महिने गेले. चष्मेवाली पहिल्यापासून वेगळी होती. ठोकताना डोळे मिटायची. आठ महिन्यांनी एका दुपारी पट्ट्यावर एक बेसिन आलं. आत्याने ठोकलं, म्हणाली, "खणखणीत." चष्मेवालीने ठोकलं, अडखळली, पण म्हणाली, "बाई, मला बद्द वाटतंय."

 सुपरवायझरने शाई आणून बेसिनच्या तळाशी ओतली. थोड्या वेळाने पुसून पाहिलं, तर निळी रेघ उमटली होती, केसाहून बारीक.

आत्याने रेघेवरून बोट फिरवलं. "कुठे ठोकलंस तू?" चष्मेवालीने जागा दाखवली. आत्याने कान अगदी जवळ नेऊन तिथे ठोकलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा ती म्हणाली, "हां. आहे." तिला ते खरंच ऐकू आलं का, हे तिने मला अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्यात तिने माझ्याकडून निवृत्तीचा अर्ज टाइप करून घेतला. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं, तर म्हणाली, "वय लिही. उगाच मोठमोठे शब्द घालू नकोस, तुला ती खोड लागलीय."